खिशातली चिंधी फेकू नका: घरच्या माणसाचं आयुष्य पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

घरातला कर्ता माणूस गेला, तेरवी झाली, सोयरे आपापल्या गावी परतले, की दोन-चार दिवसांत कोणीतरी आवराआवर काढतं. कपडे वाटायचे, खाट बाहेर टाकायची, ट्रंकेतली रद्दी चुलीत घालायची. तुम्हाला त्या माणसाबद्दल चार पानं लिहायची असतील तर सगळ्यात आधी ही आवराआवर थांबवा. भांडण झालं तरी चालेल.

बाबा गेले तेव्हा वहिनीनं त्यांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, रिकामी पन्नी, एसटीची दोन तिकिटं, चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी आणि दोन बोटं रुंदीची पोपटी चिंधी निघाली. वहिनी ती केरात टाकणार तोच आई म्हणाली, "थांब वो, थे फॉलची हाये." वहिनीच्याच साडीचा फॉल आणायचा होता. रंग जुळावा म्हणून तिनंच तीन आठवड्यांपूर्वी ती चिंधी बाबांकडे दिली होती आणि विसरून गेली होती. बाबा विसरले नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन बाजार ती चिंधी खिशात घेऊन दुकानोदुकानी फिरला होता. नेमका रंग मिळाला नाही, म्हणून चिंधी खिशातच राहिली.

ती चिंधी चुलीत गेली असती तर मीही सगळे लिहितात तेच लिहिलं असतं: अत्यंत कुटुंबवत्सल, प्रेमळ, कष्टाळू. हे तिन्ही शब्द आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतात. फोटो बदलतो, शब्द तेच राहतात.

बाबांवर मी सोळा पानांची पुस्तिका केली. नंतर विदर्भातल्या आमच्या आसपासच्या गावांतल्या सात-आठ घरांना त्यांच्या माणसावर लिहायला मदत केली. त्यातून जे कळलं ते इथं सांगतो. लग्नपत्रिकेचा मजकूर आणि तलाठ्याला द्यायचा अर्ज यापलीकडे ज्यांनी कधी काही लिहिलं नाही, त्यांच्यासाठी हे आहे. मीही त्यांच्यातलाच होतो.

पहिलं काम: एक पेटी

एक पत्र्याची पेटी किंवा खोकं घ्या आणि जे सापडेल ते त्यात टाका. चांगलं-वाईट आत्ता निवडू नका. बँकेचं पासबुक, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं कर्जाचं पुस्तक, कापूस विकल्याच्या पट्ट्या, बैलबाजाराच्या पावत्या, पोरांच्या फीच्या पावत्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, आलेली पत्रं, सगळं.

जुनी कॅलेंडरं तर मुळीच टाकू नका. आपल्याकडे डायरी लिहिणारा कास्तकार विरळा, पण कॅलेंडरच्या चौकटीत लिहिणारे पुष्कळ. बाबांच्या कॅलेंडरात 'म्हैस फळली', 'पऱ्हाटीला दुसरं खत', 'मोठी आली', 'मोठी गेली' अशा नोंदी आहेत. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, मोठी म्हणजे माझी बहीण. ती माहेरी आली आणि परत गेली त्या प्रत्येक तारखेला त्यांनी खूण केली आहे, एकवीस वर्षं. म्हशीच्या आणि खताच्या नोंदी कामाच्या होत्या, पुढे उपयोगी पडायच्या. मोठी कधी आली आणि कधी गेली याचा शेतीला काहीच उपयोग नव्हता.

प्रत्येक कागद कुठे सापडला तेही एका वहीत लिहून ठेवा: देव्हाऱ्यामागे, गादीखाली, कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, कोनाड्यात. आमच्याकडे बैलबाजाराची एक पावती आईच्या मंगळसूत्राच्या डबीत निघाली. ती तिथं का होती हे शोधताना मला दोन दिवस लागले. त्याचं पुढे सांगतो.

दुसरं काम: सनावळीचा सांगाडा

लिहायला बसण्याआधी एका कागदावर एकाखाली एक वर्षं मांडा. इथं नवख्या माणसाची पहिली फसगत जन्मतारखेला होते. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै किंवा १ जून असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याची उंची पाहून साल ठरवत आणि शाळा सुरू होण्याच्या आसपासची तारीख टाकून मोकळे होत. आमच्या गावात त्या पिढीतली अर्धी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत.

खरी तारीख हवी असेल तर कोतवाल बुक शोधा. जुन्या काळी गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाकडच्या वहीत व्हायची. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल काढावी लागते, त्यामुळे तहसीलच्या आवारातल्या अर्जनविसाला हे नाव तोंडपाठ असतं. पुष्कळदा मुलाचं नाव लिहिलेलं नसतं, 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच असतं, कारण तेव्हा बारसंच व्हायचं असायचं. म्हणून आजोबांचं नाव धरून शोधा. शाळेतली नोंद दाखल-खारीज रजिस्टरात मिळते. मुख्याध्यापक चांगला असेल तर मूळ पान डोळ्यांनी पाहू द्या म्हणा, नुसत्या टाईप केलेल्या दाखल्यावर समाधान मानू नका. बाबांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं: 'घरकाम'. चौथीतून काढलेल्या पोराचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका शब्दात होतं आणि दाखल्यावर तो शब्द आलाच नव्हता.

जमिनीचे कागद म्हणजे सातबारा आणि फेरफार. सातबारा आज काय आहे ते सांगतो. गोष्ट असते ती फेरफारात. आजोबा केव्हा गेले, वारस कोण लागले, वाटणी केव्हा झाली, विहिरीचं कर्ज केव्हा चढलं आणि केव्हा उतरलं, हे सगळं तारखेनिशी त्यात असतं. जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून सरकारनं 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवलेत. गट नंबर बदललेले असतात, म्हणून जुना सर्व्हे नंबर आधी घरातल्या म्हाताऱ्याला विचारून घ्या.

जुन्या कागदावर वरती 'मध्यप्रदेश' दिसलं म्हणून चक्रावू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. हिशोबात आणे आले तर तो कागद बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण तेव्हापासून नवे पैसे सुरू झाले. अर्थात म्हातारी माणसं पुढे वीस वर्षं आण्यातच बोलत राहिली. जमीन एकरात सांगतात आणि कागदावर हेक्टर-आर असतं. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

जिथं कागद नाही तिथं माणसांच्या आठवणी सालात बसवाव्या लागतात. "कोणत्या वर्षी?" असं म्हातारीला विचारून काही हाती लागत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की मागून?" असं विचारा, लगेच उत्तर येतं. आपल्याकडच्या अशा खुणा पुष्कळ आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि त्याच डिसेंबरात गाडगेबाबा गेले. तुकडोजी महाराज १९६८ च्या ऑक्टोबरात गेले. यवतमाळकडच्या माणसाला "वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते का तेव्हा?" असं विचारलं की १९६३ ते १९७५ हा पट्टा पक्का होतो. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, ती १९७२ ला सुरू झाली. नरखेडकडच्या माणसाला मोवाडचा पूर, म्हणजे जुलै १९९१, कधीच विसरता येत नाही. गोवारी बांधव नागपूरला मोर्चात चेंगरून गेले तो नोव्हेंबर १९९४. कापसाचं बीटी बियाणं २००२ पासून.

आमच्या भागापुरती आणखी एक खूण आहे, शकुंतला. मूर्तिजापूर-यवतमाळच्या त्या छोट्या गाडीला १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. बाबा मला दारव्ह्याहून गाडीत बसवून यवतमाळला घेऊन गेले, तो प्रसंग कोणत्या वर्षीचा हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. मला मात्र आठवत होतं की खिडकीतून डोकं काढल्यावर डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि बाबांनी धोतराच्या सोग्याला तोंडाची वाफ देऊन डोळा शेकला. कोळसा होता म्हणजे १९९४ च्या आधी. आणि तोपर्यंत त्यांनी धोतर सोडून पायजमा धरलेला नव्हता. असं एकेका खुणेनं चेपत गेलं की साल सापडतं.

तिसरं काम: माणसांना विचारणं

या कामाला घाई चालत नाही, आणि सगळ्यात जास्त मिळतं ते इथंच.

"बाबा कसे होते?" हा प्रश्न कोणालाही विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "थो देवमानूस होता बाप्पा." त्यानंतर दोन मिनिटं शांतता, मग चहा. त्याऐवजी कामाचं विचारा. पहाटे उठल्यावर पहिल्यांदा कुठे जायचे? बाजारातून आल्यावर पिशवी कोणाच्या हातात द्यायचे? जेवताना कोणत्या भाजीला नाक मुरडायचे? पैसे कुठे ठेवायचे? कोणाशी बोलणं बंद होतं? सालदाराशी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याशी, पाडव्याला ठरवताना घासाघीस करायचे का? अशा प्रश्नाला 'देवमाणूस' हे उत्तर देताच येत नाही.

समोर वही घेऊन बसलात तर माणूस सरपंचासमोर बोलतो तसं बोलायला लागतो. हाताला काम असताना विचारा. तुरीच्या ओल्या शेंगा सोलताना, लसूण निवडताना, कापूस वेचायला गेलात तर झाडांच्या ओळीत. माझी मोठी आत्या अंगणात खाटेवर पंधरा मिनिटांत गप्प झाली होती. दुसऱ्या दिवशी शेंगांचं टोपलं पुढ्यात घेतलं तर टोपलं संपलं तरी बोलणं संपेना.

मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा आणि मग फोन पालथा घालून बाजूला ठेवा. पंखा बंद करा. डोक्यावर पंखा फिरत असेल तर नंतर नुसती घरघर ऐकू येते. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नातं सांगा. त्याच रात्री फाईल दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राईव्हवर टाका. माझ्या धाकट्या काकांचं दीड तासाचं बोलणं मी आठवडाभर तसंच ठेवलं. पोरानं गेमसाठी जागा केली आणि ते गेलं. काकांना पुन्हा विचारलं, पण दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पहिल्यासारखी येत नाही. ती आधीच तासून गुळगुळीत झालेली असते.

विचारायचं कोणाला? घरचे पुरुष शेवटी. बाप कुटुंबासाठी काय करत होता हे ज्यांच्यासाठी केलं त्यांना ठाऊक असतं, म्हणजे बहिणींना, लेकींना, सुनांना. त्यांच्यासाठी एसटीचा प्रवास करावा लागला तरी करा. मग सालदार. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत जो माणूस रोज वावरात सोबत होता, त्यानं तुमच्या बापाला घरच्यांपेक्षा जास्त तास पाहिलं आहे. घरात न बोललेलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बोललेलं असतं. मग गावातला किराणावाला. जुनी उधारीची वही त्यानं ठेवली असेल तर तिच्यासारखा ग्रंथ नाही. दिवाळीच्या आठवड्यात काय नेलं आणि मिरगाच्या तोंडावर काय नेलं, एवढं पाहिलं तरी घराची तब्येत कळते.

आईला प्रश्न विचारूच नका. ती आपल्या वेळेला बोलेल, बहुधा रात्री दिवा मालवल्यावर. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई 'थे' म्हणून पन्नास वर्षांची गोष्ट सांगते. त्या वेळी फक्त हुंकार द्यायचा आणि सकाळी उठून लिहून काढायचं.

एका बैलाचे तीन हक्कदार

आता त्या मंगळसूत्राच्या डबीतल्या पावतीचं. मार्च १९८७ ची, बैलबाजाराची. बैलाचं वर्णन आहे: पांढरा, उजवं शिंग मोडकं, जुळलेला, म्हणजे दात पूर्ण आलेला. किंमत २,४०० रुपये.

थोरला भाऊ आजवर सांगत आला होता की त्याच्या पॉलिटेक्निकच्या फीसाठी बाबांनी बैल विकला. लहान आत्या शपथेवर सांगत होती की तिच्या लेकीच्या लग्नात मामाचा आहेर करायला विकला. दोघांनी हे चाळीस वर्षं आपापल्या घरी सांगितलं होतं आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. मी सोसायटीचं पुस्तक काढलं. ३१ मार्चच्या आत जुनं पीककर्ज भरल्याची नोंद होती. ते भरल्याशिवाय नवं मिळत नाही, हे कास्तकाराला सांगायला नको. पैसे सोसायटीत गेले होते. मे महिन्यात नवं कर्ज उचललं, त्यातून आहेर झाला. जुलैत उरलेल्यातून फी गेली. त्या खरिपात आमच्याकडे एकच बैल होता आणि शेजारच्या एकबैल्या कास्तकारासोबत जोड लावून डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, केली, हे सालदारानं सांगितलं.

म्हणजे एका बैलावर तिघांचा हक्क आणि तिघंही खरे. मात्र मूळ आठवणीपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. एकदा उदार होऊन बैल विकणं सोपं असतं. ३१ मार्च, मे आणि जुलै असे तीन खांब डोक्यात धरून मधे घर उभं ठेवणं फार अवघड. पावती आईच्या डबीत का, तर तो बैल तिनं वासरापासून वाढवला होता. तिनं मला एवढंच सांगितलं.

दोन माणसांच्या दोन गोष्टी जुळत नसतील तर एकाला खोटं पाडू नका. आधी कागद पाहा. कागद नसेल तर दोन्ही लिहा, 'आत्या असं सांगते, भाऊ तसं सांगतो' म्हणून.

न आवडणारं सापडलं तर

सापडतंच. फेरफार काढताना मला १९७९ ची नोंद दिसली. आजोबा गेल्यावर दोन्ही आत्यांनी हक्कसोड केलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात लेकींना वाटा होता, आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखा तो त्यांनी सोडला होता. ज्या माणसाला मी बहिणींवर जीव टाकणारा म्हणून रंगवत होतो, त्यानं बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या.

मी मोठ्या आत्याला विचारलं. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "जमीन काय मी डोक्यावर घेऊन जाणार होती? माहेर रायलं पायजे." थोड्या वेळानं, मी काही न विचारता, म्हणाली, "तुह्या बाबानं मंग आमची ओटी कधी रिकामी जाऊ देली नाही. पन मागतली असती तं देली असती का, हे काई मले सांगता येत नाही." दरवर्षी भाऊबीजेला दोन्हीकडे तुरीच्या डाळीचं पोतं जायचं, ते मी लहानपणी बंडीवर बसून पाहिलेलं आहे. पुस्तिकेत मी दोन्ही लिहिलं, हक्कसोड आणि डाळीचं पोतं, आत्याचं वाक्य तिच्याच शब्दांत. भावाला ते आवडलं नाही. आत्यानं मात्र ते पान दोनदा वाचून घेतलं.

दारू, कर्ज, मारझोड, दुसरं घर, असलं काही असेल तर ज्यानं ते सोसलं त्याला विचारून ठरवा. लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, सोसणाऱ्यानं ठरवायचं.

आपल्या भागात अशीही घरं आहेत जिथं कर्त्या पुरुषानं स्वतःच जीव दिला. मी अशा दोन घरांत बसलो आहे. कपाटात सरकारी मदतीची फाईल असते, तिच्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहिलेलं असतं. एका घरातल्या बाईनं मला सांगितलं, "ह्या कागदापासून सुरू नोको करू." आम्ही लग्नात त्यानं तिच्यासाठी स्वतः विणून आणलेल्या खाटेपासून सुरू केलं. शेवटचा दिवस दोन ओळींत आला, तिनं सांगितला तेवढाच. त्या माणसानं बेचाळीस वर्षं जगून दाखवलं होतं. अशा घरात लहान पोरं असतील तर ती मोठी होऊन हे वाचणार आहेत, हे धरूनच प्रत्येक ओळ लिहा. कसं, कशानं, हा तपशील गाळा.

चौथं काम: लिहायला बसणं

जन्मापासून सुरू करू नका. 'यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला' या वाक्यानं सुरू झालेलं पुढे कोणी वाचत नाही. एक दिवस निवडा, किंवा एक प्रवास. मी कापूस विकायला नेण्यापासून सुरू केलं. पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

'बाबांनी कुटुंबासाठी अपार कष्ट उपसले. मुलांच्या सुखासाठी त्यांनी स्वतःच्या सुखाची पर्वा केली नाही.'

आईनं ऐकलं आणि म्हणाली, "हे कोनाचं आहे?" मग सालदाराकडून आणि तिच्याकडून विचारून पुन्हा लिहिलं:

'जानेवारी १९८६. बंडीत आठ क्विंटल कापूस. खरेदी केंद्रावर बंड्यांची ओळ सडकेपर्यंत आलेली. तीन रात्री बाबा आणि सालदार बंडीखाली कडब्यावर झोपले. सकाळी पहिल्यांदा हातपंपावर बादली लावायची. "पानी पयले बैलाईले," म्हणायचे. चौथ्या दिवशी काटा झाला. चुकारा चेकनं यायचा होता, सोसायटीचं कापून. खिशात घरून नेलेले अकरा रुपये होते. चहा त्यांनी दोनदाच घेतला होता. उरलेल्या पैशाची गोडशेव घेतली आणि रात्री दहाला आम्हाला झोपेतून उठवून वाटली. स्वतः खाल्ली नाही, दात दुखतो म्हणाले.'

यात प्रेम हा शब्द नाही, त्याग नाही. लिहिलेलं वाचताना जो शब्द कोणत्याही बापाला लावता येईल तो खोडा. आणि जो तुमच्याच बापाला लावता येईल तो ठेवा, मग तो कितीही क्षुल्लक असो.

बोललेलं वऱ्हाडीतच ठेवा. 'पाणी आधी बैलांना' असं शुद्ध केलं की ते बाबा राहत नाहीत, शाळा तपासायला आलेले साहेब होतात. पुण्यामुंबईच्या नातवंडांना 'काहून' कळत नसेल तर विचारतील.

किती लिहायचं? पुस्तिका मधोमध पिनांची असते, म्हणून पानं चारच्या पटीत धरा: आठ, बारा, सोळा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला बारा पुष्कळ झाली. वंशावळ मजकुराच्या शेवटी, आणि त्यात लेकींची आणि त्यांच्या पोरांची नावं घाला. आमच्याकडच्या छापील वंशावळीत लेकी अशा गायब असतात जणू त्या जन्मल्याच नाहीत.

फोटो आणि छपाई, थोडक्यात

जुना फोटो मोबाईलवर घ्यायचा तर सकाळी ओसरीवर, सावलीत, फ्लॅश बंद करून, फोटो सपाट ठेवून. लहान फोटो स्कॅन करायचा असेल तर ६०० डीपीआय म्हणा. मागे नाव लिहायचं ते शिसपेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेननं पुढून वळ उमटतात. फ्रेममध्ये फेव्हिकॉलनं चिकटवलेला फोटो ओढू नका, तसाच काचेवरून घ्या.

आणि एकुलता एक फोटो कोणाच्या हाती सोडून येऊ नका. बाबांचा एक तरुणपणीचा फोटो होता, जत्रेत काढलेला, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. मोठा करायला तालुक्याला एका स्टुडिओत दिला. आठ दिवसांनी गेलो तर बाबा निळा कोट आणि लाल टाय घालून मागे काश्मीरच्या डोंगरात उभे. टोपी गेली, दुपट्टा गेला. मूळ फोटो 'इथंच कुठेतरी' होता, तो अजून तिथंच कुठेतरी आहे. स्टुडिओवाल्यानं चांगल्या मनानं केलं होतं, आणि आई सोडून सगळ्यांना कोट आवडलाही. आईनं त्या फोटोला हार घालू दिला नाही.

छापखान्यात मजकूर देताना सांगा की स्वतःहून काही घालू नका. त्यांच्याकडे 'कै.' आणि 'स्वर्गवासी' तयारच असतं. बौद्ध घरात 'कालकथित' किंवा 'स्मृतिशेष' लिहितात, तिथं 'कै.' छापून आलेलं मी पाहिलं आहे, दोनशे प्रती फुकट गेल्या. प्रूफ मोबाईलवर पाहू नका, कागदावर मागा आणि मोठ्यानं वाचा, दुसऱ्याच्या हातात मूळ देऊन. छापखान्याचा फॉन्ट वेगळा असला की जोडाक्षरं मोडतात आणि आकडे तर नक्की तपासा. प्रती मोजताना लेकींच्या घरी एकेक, सालदाराच्या घरी एक, शाळेत एक आणि गावच्या वाचनालयात एक धरा.

वंशावळीनंतरची शेवटची दोन पानं कोरी सोडा. छापखानावाला विचारेल, जाहिरात टाकू का म्हणून. नको म्हणा.

आमची पुस्तिका वर्षश्राद्धाला यायची होती, पण पोळ्याला आली. घरी आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, आईनं मातीच्या जोडीला पुरणपोळी दाखवली. संध्याकाळी सालदार नातवाला घेऊन आला. त्याला वाचता येत नाही, नातवानं ओसरीवर बसून वाचून दाखवलं. कापसाच्या बंडीचं पान आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"तीन नाही. चार रात्री होत्या. पाचव्या दिवशी काटा झाला. मी होतो नं बंडीखाली."

मी पेन आणलं. पन्नास प्रती होत्या, एकेक उघडून 'तीन'वर काट मारून 'चार' केलं, 'चौथ्या'वर काट मारून 'पाचव्या'. नातू पानं धरत होता, सालदार मोजत होता.